धोंडिबाचा हलवा

फॅन्सी ड्रेसमध्ये आम्रपालीच्या वाट्याला दुधी भोपळा आला, याचा सगळा दोष दीक्षाने सौरभवर टाकला, आणि तो योग्यच होता. या वर्षीचा विषय होता ‘आपल्या भाज्या’. शाळा सुटताना पूर्वा मिस दारात उभ्या राहून पालकांना एकेक भाजी वाटत होत्या. गाजर, टोमॅटो, वांगं, मका ही मानाची मंडळी वेळेवर आलेल्या पालकांनी पटापट उचलली. सौरभ ऑफिसचा कॉल कानात घेऊनच हडपसरच्या गर्दीतून वाट काढत पोचला, तेव्हा दुधी आणि कारलं एवढंच उरलं होतं. त्याने दुधी घेतला. आपण मुलीला कारल्यापासून वाचवलं, असं त्याचं म्हणणं होतं.

"दुधी!" दीक्षा म्हणाली. "अरे, दुधी आपण पाहुण्यांनासुद्धा वाढत नाही."

"आपल्याला वाढायचा नाहीये. व्हायचंय."

दीक्षाची खरी काळजी दुधीची नव्हतीच. आम्रपाली घरात दिवसभर बोलायची. पंख्याशी बोलायची, चपलांशी बोलायची, दात घासतानासुद्धा बोलायची. पण घराबाहेर पाऊल पडलं की गप्प. शाळेत तर मान हलवून सगळं काम भागवायची. गेल्या वर्षी ती फुलपाखरू झाली होती. माइकसमोर गेली, समोरच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. रडली असती तरी बरं झालं असतं. शेवटी मिसनी तिला पंखाला धरून हळूच बाजूला नेलं. परत येताना रिक्षात तिने विचारलं होतं, "आई, मी चुकले का?" दीक्षाला त्या वेळी उत्तर सुचलं नव्हतं, आणि ते न सुचलेलं उत्तर तिला वर्षभर टोचत होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात. पोरीने यंदा चार वाक्यं बोलावीत, एवढंच तिला हवं होतं.

सौरभला मात्र आधी पोशाखाचा प्रश्न सोडवायचा होता. तो शुक्रवार पेठेतल्या नाटकांचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका ड्रेपरीच्या दुकानात गेला. दारातच पाटी होती : ‘मिशा भाड्याने मिळतील. चिकटवून मिळणार नाहीत.’ तिथेच परत फिरायला हवं होतं. पण तो आत गेला.

"दुधी भोपळा आहे का?"

गल्ल्यावरच्या गृहस्थांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "भाजीवाला पलीकडच्या गल्लीत."

"अहो, तसा नाही. लहान मुलीला घालायला. फॅन्सी ड्रेस."

"गाजर आहे. टोमॅटो आहे. वांगं एक आहे, पण त्याचं देठ गेल्या आठवड्यात कुणीतरी चावलंय."

"दुधीच पाहिजे हो. मागवून मिळेल?"

गृहस्थांनी आता पेपर खाली ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं दुकान चालवतोय. राजे झाले, पुढारी झाले, परवा एक मुलगा गॅसचं सिलिंडर होऊन गेला. दुधी व्हायला आजपर्यंत कुणी आलेलं नाही. का येईल?"

सौरभ तसाच बाहेर पडला. घरी येऊन त्याने जाहीर केलं की पोशाख आपण स्वतः करायचा. सौरभ इंजिनिअर होता, आणि कुठलीही गोष्ट करायची म्हणजे ती सुधारून करायची, हा त्याचा स्वभाव होता. दुधीचा आकार अचूक यायचा तर समोर नमुना हवा, असं त्याचं मत पडलं. ती जबाबदारी त्याच्या वडिलांनी घेतली.

उत्तरेश्वरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आणि दर रविवारी मार्केट यार्डात गेल्याशिवाय त्यांना आठवडा संपल्यासारखा वाटत नसे. तिथल्या धोंडिबा नावाच्या ओळखीच्या गाळेवाल्याकडून त्यांनी दुधी आणला. तो दुधी कसला, चांगला कडेवर घ्यावा असा ऐवज होता. मानेत थोडा बाक, रंग पोपटी, अंगाने भरलेला.

आम्रपालीने त्याला दोन्ही हातांनी उचललं. "आजोबा, हा कुणाचा?"

"धोंडिबाचा," उत्तरेश्वरराव पिशवी झटकत म्हणाले.

झालं. त्या क्षणापासून दुधीचं नाव धोंडिबा पडलं. आम्रपालीने स्केचपेनने त्याला डोळे काढले, एक मोठा आणि एक बारका. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, मांडीवर निजवलं. सौरभला माप घ्यायचं असलं की तिची परवानगी काढावी लागे, आणि ती बहुतेक वेळा "तो आत्ताच झोपलाय" म्हणून मिळत नसे. तरी जुन्या फोमच्या गादीतून आणि हिरव्या सॅटिनच्या कापडातून हळूहळू एक भला मोठा दुधी उभा राहिला. नुसता चेहरा दिसेल एवढी खिडकी त्याला ठेवली होती. त्यात शिरल्यावर बसता येत नव्हतं. पण दुधी कुठे बसतो, असं सौरभ म्हणाला.

मिसनी बोलायला वाक्यं दिली होती : ‘नमस्कार. मी दुधी भोपळा. मी दिसतो साधा, पण आहे गुणाचा. मला किसा, मला शिजवा, मला रोज खा आणि मोठे व्हा.’ दीक्षा म्हणवून घ्यायला लागली की आम्रपाली ओठ मिटून छताकडे बघायची. सौरभने चॉकलेट दाखवून पाहिलं. उत्तरेश्वररावांनी आपण स्वतः दुधी झाल्याचं सोंग करून पाहिलं. कशाचा उपयोग झाला नाही.

आणि एका दुपारी दीक्षाला आतल्या खोलीतून आवाज आला. खणखणीत, स्वच्छ. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. धोंडिबाला उशीला टेकवून बसवलं होतं, आणि आम्रपाली त्याच्यासमोर उभी राहून म्हणत होती, "मला किसा, मला शिजवा, मला रोज खा! कळलं का धोंडिबा? असं म्हणायचं असतं. घाबरायचं नाही."

दीक्षाने पदर तोंडाला लावला. ती पूर्वा मिसना भेटून आली. धोंडिबा वर्गात चालणार नाही, पण पालकांसोबत पहिल्या रांगेत बसला तर शाळेची हरकत नाही, असं ठरलं. आम्रपालीला सांगितलं की तू कुणाकडेच बघू नकोस, नुसतं धोंडिबाकडे बघ. तिने विचार केला, आणि घराबाहेरच्या विषयावर पहिल्यांदाच मान हलवण्याऐवजी तोंडाने म्हणाली, "हो."

कार्यक्रमाच्या दिवशी दीक्षा आम्रपालीला शाळेत सोडायला गेली. उत्तरेश्वरराव दाढीला गेले. सौरभ आतल्या खोलीत दार लावून कॉलवर बसला. धोंडिबा बाहेरच्या कॉटवर टॉवेलमध्ये पालथा झोपला होता. आणि अशा वेळी फुरसुंगीहून दीक्षाच्या आई, सुंदराबाई, नातीचा कार्यक्रम बघायला म्हणून लवकरच्या बसने येऊन पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. जावयाचा आतून इंग्रजीत आवाज येत होता, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. पाणी प्यायल्या, पदर खोचला, आणि रिकाम्या हातांनी बसणं माहीत नसल्यामुळे इकडे तिकडे पाहिलं.

दीक्षा परत आली तेव्हा जिन्यातच तिला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. शेजाऱ्यांकडे काही असेल, असं तिला वाटलं. पण वास तिच्याच दारातून येत होता.

"आई! कधी आलीस?"

"झाला की येळ. तू शाळंत गेलीवतीस." सुंदराबाई कढईत कालथा फिरवत होत्या. कपाळावर घाम होता, चेहरा समाधानाने फुलला होता. "म्हटलं, पोरगी आज स्टेजवर जानार, तोंड ग्वाड कराया पायजे. सगळ्या वर्गाला पुरंल एवढा केलाय बघ."

"काय केलंयस?"

"हलवा. दुधीचा. काय गं तुमची तऱ्हा, भाजी कॉटवर टाकतासा? टावेलात गुंडाळून! त्याला कुनीतरी शाई पन लावली हुती. खरवडून काढली."

दीक्षा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाठोपाठ उत्तरेश्वरराव गुळगुळीत दाढी करून आत आले, त्यांनी रिकामा टॉवेल पाहिला, कढई पाहिली, आणि दोन्हींच्या मध्ये ओढलेली एक सरळ रेघ त्यांना दिसली. आतून सौरभ हेडफोन काढत बाहेर आला. "अरे वा, कसला वास... धोंडिबा कुठाय?"

"आई, तो..." दीक्षाने सुरुवात केली.

"जय भीम, विहीणबाई!" उत्तरेश्वरराव केवढ्याने तरी म्हणाले. "केव्हा आलात आपण? आणि आल्या आल्या हलवा! वा! वा!"

"जय भीम, दादा. बगा तरी खाऊन, साखर कमी न्हाई ना झाली?"

आता विहिणीचा मान म्हणजे साधी गोष्ट नाही. लग्नात सुंदराबाईंना चहा गार मिळाला होता, ते उत्तरेश्वरराव अजून विसरले नव्हते. त्या विसरल्या होत्या, तरीही. शिवाय बाईंचे गुडघे दुखत असताना त्या बसने आल्या होत्या, आणि एवढा मोठा दुधी एकटीने हाताने किसला होता. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की तुम्ही नातीच्या जिवलग मित्राचे डोळे खरवडून त्याला तुपात परतलंय? उत्तरेश्वररावांनी चमचाभर हलवा तोंडात घातला. धोंडिबा चवीला उत्तम होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गरम हाय व्हय?" सुंदराबाई म्हणाल्या.

"फार सुंदर झालाय," उत्तरेश्वरराव म्हणाले.

दीक्षाने सौरभला गॅलरीत ओढलं. "आता काय? ती त्याच्याकडे बघून बोलणार आहे रे. पहिल्या रांगेत तो नसला तर संपलंच सगळं."

"दुसरा आणू. सेम टू सेम. माझ्याकडे फोटो आहे, मापं आहेत."

"मार्केट यार्डात जाऊन कधी येणार तू?"

"मंडईत बघतो." आणि तो स्कूटरची किल्ली, टॉवेल आणि स्केचपेन घेऊन जिना उतरला.

हडपसरच्या मंडईत त्या दिवशी दुधी भरपूर होते. पण कुणाची मान सरळ, कुणाचं पोट सुटलेलं. सौरभ मोबाइलमधला धोंडिबाचा फोटो एकेका दुधीशेजारी धरून बघत होता. गाळ्यावरच्या वेणूबाईंनी बराच वेळ सहन केलं.

"साहेब, भाजी करायचीय का सोयरीक जुळवायचीय?"

"मावशी, असाच पाहिजे. मान जरा डावीकडे वळलेली."

"कापल्यावर मान कुटं ऱ्हाती?"

"कापायचा नाहीये हो."

वेणूबाईंनी त्याच्या कपाळाकडे, मग डोळ्यांकडे पाहिलं. हा माणूस आजारी नाही, नुसता बाप आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पाठीमागच्या ढिगात हात घालून एक दुधी ओढून काढला. "ह्यो बगा. बाक हाय, रंग त्योच हाय. लेकराला सांगा, वेणूबाईनं दिलाय."

हुबेहूब धोंडिबा! सौरभने शाळेच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर त्याला आडवा घातला आणि स्केचपेनने डोळे काढायला घेतले. पहिला मोठा डोळा छान आला. मग दुसरा बारका काढायचा होता. पण इथे त्याच्यातला इंजिनिअर आडवा आला. हात आपोआप गेला आणि दोन्ही डोळे एका मापाचे, एका ओळीत, अगदी व्यवस्थित निघाले. पुसायला वेळ नव्हता. एवढं कोण बघतं, असं म्हणून त्याने टॉवेल गुंडाळला.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सौरभ मांडीवर दुधी घेऊन बसला, शेजारी दीक्षा, मग मांडीवर हलव्याचा मोठा डबा घेतलेल्या सुंदराबाई, आणि टोकाला उत्तरेश्वरराव.

"जावईबापूंनी भोपळा कशापायी घेतलाय मांडीवर?" सुंदराबाईंनी विचारलं.

"पद्धत आहे शाळेची," उत्तरेश्वरराव म्हणाले.

सुंदराबाईंनी आजूबाजूला पाहिलं. इतर कुणाच्याच मांडीवर भाजी नव्हती. पण शहरातल्या शाळा, असेल काही, म्हणून त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. केयूर नावाचा टोमॅटो येऊन वाक्यं विसरला आणि आईकडे पळाला. तनया नावाच्या गाजराने सगळं एका श्वासात म्हणून टाकलं. मग पडद्याआडून एक हिरवा दुधी पूर्वा मिसच्या हाताला धरून हळूहळू चालत आला, आणि माइकसमोर उभा राहिला.

खिडकीतून आम्रपालीचा चेहरा दिसत होता. तिने थेट धोंडिबाकडे पाहिलं. सौरभने त्याला आणखी उंच धरलं.

आम्रपाली बघत राहिली. हॉल शांत झाला, मग फार शांत झाला. मागून कुणीतरी खोकलं. पूर्वा मिसनी पुढे यायला पाऊल उचललं. गेल्या वर्षीचं सगळं दीक्षाच्या डोळ्यांसमोरून जायला लागलं.

"हा धोंडिबा नाही," आम्रपाली म्हणाली.

माइक चालू होता. शब्द हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"याचे डोळे सारखे आहेत. धोंडिबा कुठंय?"

सौरभने दुधी खाली घेतला. सुंदराबाई कुजबुजल्या, "दादा, धोंडिबा कोन?"

उत्तरेश्वररावांनी आयुष्यात बऱ्याच फायली टोलवल्या होत्या. पण हा प्रश्न त्यांना पुढे ढकलता येईना. ते खाली मान घालून म्हणाले, "विहीणबाई... सकाळी कॉटवर जो झोपला होता ना..."

सुंदराबाईंनी मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सकाळपासूनचं समाधान एकदम उतरून गेलं. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या, आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाल्या, "बाळा, मला ठावं न्हवतं गं. धोंडिबाचा मी हलवा केला."

मागच्या रांगांतून एक दबका हुंकार उठला. एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं.

आम्रपालीने आजीकडे पाहिलं. "सगळ्याचा?"

"सगळ्याचा."

"आणि डोळे?"

"त्ये आदी खरवडून काढलं." सुंदराबाईंनी पदराने डोळे टिपले. "माफ कर मला."

दुधीच्या खिडकीतल्या चेहऱ्यावर बराच विचार चाललेला दिसत होता. मग आम्रपाली म्हणाली, "आजी, रडू नकोस. त्याला माहीत होतं. मी त्याला रोज सांगायचे, असं म्हणायचं असतं, घाबरायचं नाही."

मग तिने माइककडे तोंड केलं, दीक्षाकडे पाहिलं नाही, सौरभच्या मांडीकडेही नाही, सरळ समोरच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी दुधी भोपळा. मी दिसतो साधा, पण आहे गुणाचा. मला किसा, मला शिजवा, मला रोज खा आणि मोठे व्हा!" थोडं थांबून तिने आपल्या मनाचं जोडलं, "माझा हलवा पण होतो."

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच उठल्या. पूर्वा मिस मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, कारण दोन वर्षांत त्यांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

बक्षीस गाजराला मिळालं. कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी मिळून आम्रपालीला दुधीतून बाहेर ओढलं. ती घामाने चिंब झाली होती. दीक्षा तिचे केस पुसत वाट बघत होती, की आता ती विचारेल, मी चुकले का. या वेळी तिच्याकडे उत्तर तयार होतं. पण आम्रपालीने ते विचारलंच नाही.

"गोड झालाय का?" तिने डब्याकडे बघत विचारलं.

सुंदराबाईंनी डोळे पुसून झाकण उघडलं. आम्रपालीने हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. सौरभच्या काखेतल्या दुधीकडे तिने बोट दाखवलं. "हा कुणाचा?"

"वेणूबाईंचा," सौरभ म्हणाला, आणि बोलल्यावर त्याने जीभ चावली.

"म्हणजे ही वेणूबाई." आम्रपालीने दुधी त्याच्याकडून काढून घेतला आणि पायरीवर भिंतीला टेकवून बसवला. दोन्ही डोळे सारखे असल्यामुळे वेणूबाई सगळ्यांकडे फार रोखून बघत होती. "तिच्यासमोर नको. तिला अजून मी काही सांगितलं नाहीये."

उत्तरेश्वररावांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि वेणूबाईच्या डोळ्यांवरून बांधला. मग सगळं कुटुंब पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसलं. "वाढा विहीणबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "चमचा वाजवू नका."

सुंदराबाईंनी पहिला घास नातीला भरवला. आम्रपालीने तो डोळे मिटून खाल्ला, मागे वळून रुमाल सरकला नाही ना ते पाहिलं, आणि आईच्या कानाला लागून म्हणाली, "धोंडिबा छान झालाय."